दोन काटे

वादी कबीरला ऑगस्टात पत्र्याचं शटर
कोपरानं उचलायचं, हातानं नाही.
त्या सकाळी टोईंगवरून उतरली
हिरवी, दोन सीटची, माझ्याहून वयानं मोठी,
आणि मागोमाग काठी टेकत हमूद बिन खल्फान.
अकरा वर्षं चालवली नाही म्हणाला.
का, तर काटा.
घरापासून मशिदीपर्यंत जाईतो
काटा लाल रेघेवर.
मुलगा म्हणतो इंजिन गेलं, विकून टाक.

नवी बॅटरी, प्लग घासले, पंधरा लिटर ताजं पेट्रोल.
खोकत खोकत लागली.
थंकप्पननं पाण्याचा वास घेतला
आमटी आंबली का बघावं तसा.
तेलाचा तवंग नाही, गंज थोडा.
तापू दिली, नळीवर लेझरची बंदूक धरली:
चौऱ्याऐंशी.
आणि आत काटा लाल रेघ ओलांडून
गळा काढून बसलेला.

मग सेन्सर खोलला, चहाच्या किटलीत उकळला.
मीटरवरचे आकडे उतरत गेले
जसे उतरायला हवेत तसेच.
(दुपारच्या चहाला पितळेची चव आली.
थंकप्पन काय बोलला ते मल्याळम न येता कळलं.)

वायर बरोबर. सेन्सर बरोबर. इंजिन बरोबर.
मी उलटा होऊन डॅशबोर्डखाली पडलो,
घाम डोळ्यांकडून कानात,
आणि सहज शेजारच्या घड्याळाकडे नजर गेली.
पंधरा लिटर ओतले होते मीच, या हातानं.
पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या पुढे.

काट्यानं काटा काढतात तो असा.
एक खोटं बोलला तर तो बिघडलाय,
दोघं एकाच बाजूला खोटं बोलले
तर त्यांना कुणीतरी पढवलंय.

दोघांच्या मागे एक पत्र्याची डबी असते,
काडेपेटीहून लहान.
बाराचे दहा व्होल्ट करून दोघांना वाटते.
ही सरळ बारा वाटत होती.
डबी चांगली होती. तिला अर्थ नव्हता.
वायरवाले आम्ही अर्थच म्हणतो त्याला:
बॉडीशी उघडी गाठ, धातूला धातू.
मध्ये रंग होता.
राखाडी, जाड, निगुतीनं दिलेला,
स्क्रूच्या खाचेतसुद्धा.

मी टॉर्च जवळ नेला.
फटकारे उजवीकडून डावीकडे वळलेले
आणि एका जागी ब्रशचा केस चिकटून वाळलेला.
या गल्लीत डावखुरा मी एकटा.
पहिलं वर्ष, पहिला रमजान,
फोरमन म्हणाला, आतून नवी दिसली पाहिजे,
आणि मी, पेंटिंगला हात चांगला म्हणून
कुडाळात कौतुक झालेला,
काही म्हणता काही सोडलं नाही.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली.
चकाकली.
काटे खाली आले, पण हळू;
जुन्या गाडीचे काटे उडी मारत नाहीत,
वाद हरलेल्या माणसासारखे
थोडं थांबून थोडं मान्य करतात.
ताप कमी निघाला.
पेट्रोलही कमीच निघालं.

हमूदला मी सांगितलं. अरबी तुटकी,
म्हणून रंगावर बोट ठेवलं, मग छातीवर.
तो बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिला.
मुलगा काहीतरी मोठ्यानं बोलला,
त्याला त्यानं हातानंच गप्प केलं.
मला म्हणाला, बस.

बुस्तानच्या चढावर खिडक्या उघड्या, गरम वारा,
काटा मधोमध, हलायचं नाव नाही.
म्हातारा रस्त्याकडे कमी, त्याच्याकडे जास्त बघत होता.
दोन वळणं मीच म्हटलं, बाबा, पुढे बघा,
मराठीत.

माथ्यावर त्यानं गाडी बंद केली.
खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला,
चटका बसला, तरी लगेच काढला नाही.
मग मला खूण केली:
तूही ठेव.
मी डावा ठेवला.